आधी तोंड कोणी पाहिलं

भाद्रपद वद्य तृतीया, शके १८५४

मालनने ही वही दिली नि म्हणाली, "सासूबाई, अक्षर विसरायचं नसेल तर रोज चार ओळी लिहा. काहीही लिहा, कोणी वाचणार नाही." कोणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला ते मला कळलं नाही. हात चालू राहिला तर तोंड दमेल, असं तिच्या मनात असावं.

मालन माझी धाकटी सून. माझा रघू गेला तेव्हा पोर विशीचीही नव्हती. मला मुंडण करून हे तांबडं अलवण नेसवलं ते नेसवलं, पण तिच्या केसांना मी कात्री लागू दिली नाही, एवढं माझ्या नावावर आहे. मग ती पुण्याला नर्शीचं शिकायला गेली. तेव्हा मी शेजारच्या चिमाला सांगितलं, माहेरी गेल्ये. इतके दिवस माहेरी! चिमा काय खुळी आहे? आता मालन इथल्याच बायकांच्या दवाखान्यात आहे. तो पेठेतल्या एका शेटजींनी आईच्या नावाने बांधलाय. कोणी विचारलं की धाकटी काय करत्ये, तर मी म्हणत्ये डाक्टरांच्या हाताखाली असते, नि लगेच कुळथाचा भाव विचारत्ये. सुईणपण करते असं तोंडातून निघत नाही. लाज वाटते. लाज वाटते याचीही वाटते, पण ती मागून.

आज लिहायचं कारण निराळंच. थोरल्या सुनेला, उमाला, सातवा सरत आला! दोनदा पोटातच गेलं, देवळं झाली, नवस झाले, तिच्या नवऱ्याचे, माझ्या चिंतूचे, केस पिकायला लागले, नि आता हे. मला इतका आनंद झालाय की काल आमसुलाच्या सारात दोनदा मीठ घातलं. डोहाळजेवणाला सवाष्णींनी ओटी भरली ती मी माजघराच्या दाराआडून ऐकली. आम्हां दोघींना पुढे जाता येत नाही. मालन आत पुऱ्या तळत होती. मी म्हटलं, "ऐक गो, तुझी जाऊ हसत्ये." ती म्हणाली, "ऐकत्ये."

बाळंतपण दवाखान्यातच करायचं म्हणते. "मी आहे ना, सासूबाई."

भाद्रपद अमावास्या

दवाखाना ओस आहे. चार खाटा भरल्या तर भरल्या, नि त्याही खेड्यातल्या बायांनी. डाक्टरसाहेब म्हणाले म्हणे, असंच राहिलं तर शेटजी दाराला कुलूप घालतील. मग उमाचं काय? मालनचं काय? मी म्हटलं, थांबा, बयोआजी अजून जिवंत आहे. गावात माझ्या ओळखी काय कमी आहेत?

दुपारी वकिलीणबाईंकडे गेल्ये. त्यांची सून सुनेत्रा दिवसांत आली आहे. फणसपोळी खात खात मी विषय काढला.

"तिथे पाणी कोण देतं हो?" वकिलीणबाईंनी पहिलं हेच विचारलं. "ती ख्रिस्तावीण ना?"

दवाखान्यात नर्सा दोनच. एक आमची मालन नि दुसरी एस्तरबाई. नगराकडची आहे, बोलायला गोड.

"छे हो! पाणी आमची मालन देईल. दूध, औषध, पेज, सगळं तिच्या हातचं. मग तर चालेल?"

"नि बाळ कोण धरतं? मालनच ना? रागावू नका हो आजी, पण जिवाने डोळे उघडायचे नि पहिलं तोंड बघायचं ते..."

"मी कशाला रागावू? मीही तीच." नि तेव्हाच मला सुचलं. देवानेच सुचवलं असावं. "बाळ एस्तरबाई धरील. तिचा नवरा आहे, बंदरावर कारकून आहे, मी डोळ्यांनी बघितलाय, चांगला धडधाकट आहे."

"ख्रिस्तावीण नि सवाष्ण?"

"कपाळाला कुंकू नाही म्हणून नवरा मेला का? नि विटाळाचं काम सगळं तिच्याकडे, म्हणजे तिचा हात पाण्याला लागायचा प्रश्नच नाही. बाळाचं काय, न्हाऊ घातलं की शुद्ध."

वकिलीणबाई हसल्या. म्हणाल्या, "बयोआजी, तुम्ही शिकल्या असतात तर आमच्या ह्यांची वकिली बुडवली असतीत." मी घरी येईतो वाटभर हसत होत्ये.

आश्विन शुद्ध अष्टमी

भरला दवाखाना! एका घरची गेली की दुसऱ्या घरची विचारतेच. डाक्टरसाहेबांनी मला हात जोडले. मालनने त्यांच्यापाशी तक्रार केली होती, पण ते म्हणाले, आत्ता खाटा भरू देत, मग बघू. मी रोज दुपारी डबा घेऊन जात्ये नि बायकांशी बोलत बसत्ये. कोपऱ्यात तिवईवर माठ आहे, त्याला मालनशिवाय कोणी शिवत नाही. बाळंतिणीच्या खोलीत एस्तरबाईशिवाय कोणी जात नाही. कशी सुरेख वाटणी झाली. एस्तरबाई म्हणाली, "आजी, तुम्ही मामलेदारच व्हायला पायजे होतं." मला बरं वाटलं. आता लिहिताना वाटतं, तशी म्हणाली नसेल.

हौसा म्हणून एक कुणब्याची पोर आहे, नवरा मुंबईला गिरणीत. परवा ती एस्तरबाईला म्हणाली, "बाय, मना पानी दे गो." एस्तरबाईने मालनला हाक मारली. मालन औषधं वाटत होती. हौसा म्हणते, "तूच दे ना. हात कुनाचा ता घशाला काय कळतंय?" सगळ्या हसल्या. मीही हसल्ये. एस्तरबाई मात्र माठाकडे बघत उभी राहिली.

मालन हल्ली कमी बोलते. घरी आली की मी विहिरीवर तिच्यासाठी घागर काढून ठेवत्ये. आंघोळ करून, लुगडं बदलून मगच आत. विटाळाच्या ठिकाणाहून येते, करायलाच हवं. आज केस पुसता पुसता म्हणाली,

"सासूबाई, तिथे मी सोवळी म्हणून पाण्यापाशी नि इथे ओवळी म्हणून विहिरीपाशी. मी नक्की कोण ते एकदा ठरवा."

मी म्हटलं, "अगो, भार हलका झाला की तुझा! घाण काढायला नको, रक्त बघायला नको."

"तेच शिकून आल्ये ना मी. बाळ अडलं तर कसं फिरवायचं, गुदमरलं तर काय करायचं. आता आत बाई ओरडते नि मी दाराबाहेर गरम पाणी घेऊन उभी. एस्तरबाई एकटी आत मरते. अख्खी नर्स होती ती तुम्ही दोघींत फाडून वाटलीत. वरचं अर्धं मला, खालचं अर्धं तिला."

मला राग आला. एवढी खटपट केली ती कोणासाठी? उमाला सांगायला गेल्ये तर ती म्हणाली, "तिचं खोटं नाही हो सासूबाई." गरोदर बाईशी वाद घालू नये म्हणून माघारी फिरल्ये.

आश्विन वद्य दशमी

हे लिहू नये असं वाटतं. पण मालनने सांगितलंय काहीही लिहा.

आज दुपारी मालन जेवायला घरी आली होती. चेहरा अगदी उतरलेला. मी म्हटलं, जरा पड. ती म्हणाली, नको, सुनेत्राला ताप आहे. (सुनेत्रा परवाच बाळंत झाली, मुलगा.) मी म्हटलं, "एस्तरबाई आहे ना तिथे? दवाखाना काय वाहून जातो?" नि बळेच तिच्या डोक्यावर तेल घातलं. पोर बसल्या बसल्या झोपली. मी उठवलं नाही. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी भाजत बसल्ये. मला वाटलं, केवढं पुण्य करत्ये मी.

जाग आल्यावर ती धावतच निघाली, मीही डबा घेऊन मागून. दवाखान्याच्या पायरीवर माठाच्या खापऱ्या. आत वकिलीणबाईंचा आवाज चढलेला. सुनेत्रा डोळे मिटून पडलेली. एस्तरबाई खाटेशी उभी, हातात पेला.

मला बघताच वकिलीणबाई म्हणाल्या, "या! तुम्हीच शब्द दिला होतात ना? बाळंतिणीला बाटवली हिने!"

एस्तरबाई माझ्याकडे वळली. ओरडली नाही. "आजी, तुम्हीच सांगा. अंग नुसतं भाजत होतं. पाणी पाणी करत होती. घरचं कोणी नव्हतं. माठ ह्या इथं, हाताच्या अंतरावर. मी काय करायला पायजे होतं?"

सगळ्या खाटांवरून बायका माझ्याकडे बघत होत्या. हौसा तर उठून बसली होती. मला माहीत होतं काय बोलायचं. अगदी ओठावर होतं. नि मी म्हटलं, "थोडी वाट बघायची होतीस गो."

मालनने तेवढ्यात कमरेचा पदर सोडला होता तो परत खोचला नि सुनेत्राच्या कपाळावर ओली घडी ठेवली. माझ्याकडे बघितलंच नाही.

सुनेत्राचा ताप संध्याकाळी उतरला. पाण्याने उतरला म्हणे. भाजणी करपली.

कार्तिक शुद्ध द्वितीया

एस्तरबाई सोडून गेली. डाक्टरसाहेबांनी थांब म्हटलं, पण ते वकिलांनाही भितात. दुसरी नर्स मिळत नाही. राजापूरची एक आली होती, वाटणी ऐकली नि दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. आता मालन एकटी. ती सगळंच करते, कारण करायला दुसरं कोणी नाही. बायका कुरकुरतात नि पाणी पितात. काही घरी निघून गेल्या.

देवळात सगळ्या म्हणत होत्या, दोघी नर्सांचं पटत नव्हतं, बायका बायका एका ठिकाणी आल्या की असंच. मला विचारलं, "हो ना आजी?" मी म्हटलं, "असतं एकेकीचं." खोटं बोलल्ये नाही. खरंही बोलल्ये नाही. प्रसादाची खिरापत न खाताच पदराला बांधली.

चिमा सांगत होती, मालन रविवारी एस्तरबाईच्या घरी गेली होती. ओटीवर बसून दोघी चहा पीत होत्या नि खिदळत होत्या. मी मालनला विचारलं नाही. त्या दिवशी तिची आंघोळ झाल्यावर विहिरीवर आणखी एक घागर मात्र काढून ठेवली. तिने बघितली, नि ती पण अंगावर ओतून घेतली.

कार्तिक वद्य षष्ठी

मुलगी झाली! देवा, मुलगी झाली, जिवंत आहे, रडते आहे, काळंभोर जावळ आहे!

नीट लिहित्ये. सकाळी उमाला कळा लागल्या. डाक्टरसाहेब लांज्याला गेलेले. दवाखान्यात मालन एकटी. मी चिंतूला बाहेर बसवलं नि चिमाला बोलावून आणली. चिमा भरल्या घरची सवाष्ण, तिची सगळी मुलं जगलेली. तिच्या हातात निरांजन दिलं नि बजावलं, बाळ आलं की आधी तू बघायचं, मग कोणीही. मालनला सांगितलं. तिने मान डोलावली. वाद घालायला तिला वेळ नव्हता.

मी दारात उभी. उमा ओरडत होती ते ऐकवत नव्हतं. मग ती थांबली. नि बाळही रडलं नाही.

काहीच आवाज नाही. मला पाठमोरी मालन दिसत होती. तिने बाळ पायांना धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारली. बाळ निळंसर होतं. जांभळासारखं. ती म्हणाली, "चिमाकाकू, दिवा बाजूला करा." नि बाळ आडवं घेतलं, तोंडात बोट घालून काहीतरी काढलं, वाकली.

नि मी दारातून ओरडल्ये. "मालन, आधी चिमाला बघू दे!"

हे मी ओरडल्ये. बाळ रडत नव्हतं तेव्हा.

मालन वाकलेलीच होती. फुंकर घालत होती, थांबत होती, परत घालत होती. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. मग मोठा. मग असा काही मोठा की चिंतू बाहेरून धावत आला.

बऱ्याच वेळाने ती हात धुऊन बाहेर आली. मी खाली बघून विचारलं, "चिमाने बघितलं ना गो आधी?"

"हो," म्हणाली. "माझे डोळे मिटलेले होते."

किती शब्द ऐकणारी पोर! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती भिंतीला टेकून उभी होती. दमली असेल. उद्या तिला शिरा करून नेत्ये, तूप सोडून.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

काल बारसं झालं. वेणू ठेवलं. रीतीप्रमाणे मी नि मालन मागीलदारी. मालनला दवाखान्यातून जेमतेम येता आलं होतं. पाळण्याचं गाणं सुरू झालं तेव्हा आम्ही दोघी पत्रावळी पुसत होतो. मी म्हटलं, "आवाज येतो ना नीट?" ती म्हणाली, "येतो."

मग चिमा सुंठवडा घेऊन मागे आली. आनंदाने नुसती फुललेली. पायरीवर बसली नि म्हणाली,

"मालन, काय गो तुझी कमाल! मी तर त्या दिवशी मेल्येच होत्ये भीतीने. पोर निळी दिसली नि मी पदरच घेतला तोंडावर. निरांजन पण विझलं माझ्या हातातलं. रडायला लागली तेव्हा कुठे डोळे उघडले."

मी म्हटलं, "म्हणजे तू बघितलंस केव्हा?"

"रडल्यावर. मालनने तोंड पुसून हातात दिल्यावर."

"नि मालनचे डोळे मिटलेले होते."

चिमा हसायला लागली. "बयोआजी, डोळे मिटून कोणी पोराच्या तोंडात फुंकर घालील का? नाकात गेली असती!"

मालन उठली नि पत्रावळी घेऊन विहिरीकडे गेली. पत्रावळी कोणी विहिरीवर नेत नाही.

म्हणजे वेणूचं तोंड आधी पाहिलं मालनने. त्यानंतर, दारातून, मी. दोघी अशा. नि पोर बघा कशी, आवळ्याएवढ्या मुठी आवळून दूध पिते. चिमाच्या सवाष्णपणाने निरांजनसुद्धा धरलं नाही.

आपल्या जावेच्या पोरीला जीव दिला नि माझ्यासाठी खोटं बोलली. मला वाईट वाटू नये म्हणून. मी तिला तुपाचा शिरा दिला नि वाटलं, फिटलं.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी

मालन चालली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात एस्तरबाईला घेतलंय नि तिने मालनलाही बोलावलंय. "तिथे अख्खं काम देतात, सासूबाई," एवढंच म्हणाली. रागाने नाही. भात वाढून घे म्हणावं तशी.

मी म्हटलं, एस्तरबाईला परत आणली तर राहशील? तिने हातातल्या दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "ती आली नि दोघींना दोन्ही कामं मिळाली, तर राहीन. ती येईल असं वाटत नाही मला."

म्हणून आज मी एस्तरबाईकडे गेल्ये. कोणाला न सांगता. ऊन तापलेलं, चढण चढून गेल्ये तर तोंडाला कोरड. घर स्वच्छ, अंगण सारवलेलं, तुळस नाही एवढंच. तिने खुर्ची ओटीवर आणून दिली, आत या म्हणाली नाही. मला अवघड वाटू नये म्हणून म्हणाली नाही, ते मला कळलं.

माझा श्वास लागलेला बघून ती उठली. मला वाटलं, आता पाणी आणील नि मला ठरवावं लागेल. घेऊ की नको. वाटभर मनाशी ठरवलं होतं की घेईन. पण ती कुंपणाशी गेली नि शेजारच्या भंडाऱ्याला हाक मारून म्हणाली, "एक शहाळं तोडून द्या, आजींच्या हातात द्या, मी शिवत न्हाई." मग मला म्हणाली, "शहाळ्याला विटाळ न्हाई ना आजी? तेवढं चालतं तुम्हाला."

मला ठरवायलाच लावलं नाही तिने. "मला तुझ्या घरचं पाणी दे" एवढं बोलायचं होतं. सुनेत्राच्या खाटेशी ओठावर आलं होतं तसंच आलं, नि तसंच राहिलं. मी शहाळं प्यायल्ये. गोड होतं. एवढी लाज मला मुंडण झालं त्या दिवशीही वाटली नव्हती. ती लाज लोकांनी दिलेली होती.

मी म्हटलं, "परत ये गो."

"माठापाशी जाऊ द्याल?"

"मी देईन. पण लोक..."

"लोक म्हंजे तुम्हीच आणलेल्या बायका ना आजी?" असं म्हणून हसली, पण शहाळ्याची करवंटी उचलताना तिचा हात थांबला, नि ती मलाच टाकू दिली. "मालनबाईंना अडवू नका. फार हुशार हाय ती. इथं दाराबाहेर उभी राहून गंजंल."

उतार होता, तरी परत येताना वाटेत दोनदा बसल्ये.

मार्गशीर्ष पौर्णिमा

आज सकाळच्या मोटारीने गेल्या दोघी. एस्तरबाईचा नवरा मागाहून जाणार आहे. आंबा घाट चढून कोल्हापूर, मग पुढे मिरज.

माणूस गावाला निघालं की मी कधी समोर येत नाही. चिंतू पहिल्यांदा मुंबईला गेला तेव्हा कणग्यांच्या खोलीत बसल्ये होत्ये. रघू शेवटचा निघाला तेव्हाही आतच होत्ये, म्हणून त्याचं जातानाचं तोंड मला आठवत नाही, कारण मी पाहिलंच नाही. एवढं जपलं, तरी तो परत आला नाही. हे मला आज सुचलं. इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

मालन वेणूला घेऊन बसली होती. मग उमाच्या पाया पडली, चिंतूने पेटी उचलली. मी सवयीने उठून आतल्या खोलीत गेल्ये नि दार लोटलं. बाहेर चिमा दही घेऊन उभी, सवाष्ण म्हणून.

मालनने विचारलेलं ऐकू आलं, "सासूबाई कुठे आहेत?"

उमा म्हणाली, "आत आहेत. तुला माहीत आहे ना, त्या..."

दार उघडलं. मालन उंबऱ्याशी उभी.

"बाहेर या."

"अगो, निघताना नको. मोटारीचा प्रवास, घाट आहे."

"म्हणूनच. घाट आहे, तुमचं तोंड बघून निघायचंय मला."

"वेडी का काय तू! चिमा आहे, दही आहे..."

"चिमाकाकूंना मी रोज बघत्ये. या ना हो. सासूबाई, वेणूचं तोंड मी आधी पाहिलं, ती काय वाईट झाली?"

तिने माझा हात धरून मला अंगणात आणलं. उजेडात. चिंतू बघत होता, चिमा दही धरून बघत होती, वाटेवर एस्तरबाई गाठोडं घेऊन थांबली होती. मालन वाकली, पाया पडली, नि उठून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. किती वेळ बघत राहिली! मला तोंड कुठे लपवू कळेना. असं समोरून, चांगल्या कामाला निघताना, माझ्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. मी रडल्ये की हसल्ये कोण जाणे. काहीतरी द्यावं म्हणून पदराला चाचपलं तर शेंगदाणे होते, ते दिले. ती खात खातच गेली. मागे वळून बघितलं नाही. बघायचं ते बघून झालं होतं.

'जाऊ नको' म्हणायचं होतं ते राहिलं. 'चुकलं' म्हणायचं तेही.

पौष शुद्ध पंचमी

दवाखान्याच्या बायकांच्या बाजूला कुलूप लागलं. डाक्टरसाहेब आता नुसता ताप-खोकला बघतात. हौसाची बहीण अवघडलेली बैलगाडीतून आली होती. कुलूप बघून माझ्या दारात. "मालनबाय कुठं हाय?" मी सांगितलं. तिने विचारलं, का गेली? मी तिला पाणी दिलं, शेजारपाड्यातल्या सुईणीचं घर दाखवलं, नि गाडी वळेपर्यंत उभी राहिल्ये.

वाटेत वकिलीणबाई भेटल्या. "बऱ्या वेळी आमचं उरकलं हो आजी," म्हणाल्या. "त्या दोघींचं पटत नव्हतं म्हणे."

मी म्हटलं, "पटत होतं त्यांचं. एका ओटीवर चहा पीत होत्या. पटत नव्हतं ते तुमचं नि माझं, त्यांच्याशी. वाटणी मी केली होती. सुनेत्राला पाणी दिलं ते बरं केलं एस्तरबाईने. तेव्हाच सांगायचं होतं मी."

त्यांनी पदर सावरला नि वाट धरली. फणसपोळीचं आमंत्रण आता यायचं नाही. एस्तरबाईला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी मी बोलल्ये, त्याला काय किंमत? पण बोलल्ये.

सकाळी उमा विहिरीवर होती. पाळण्यात वेणू जागी झाली. घरात दुसरं कोणी नव्हतं. एरवी मी उमाला हाक मारत्ये नि पाठ करून उभी राहत्ये, की दिवसाचं पहिलं तोंड आईचं दिसावं. आज वाकल्ये. तिने डोळे किलकिले केले, माझं टक्कल, माझं अलवण, माझं दात पडलेलं तोंड, सगळं नीट बघून घेतलं, नि बोळकं उघडून हसली.

मी तोंड फिरवलं नाही.